अर्धा गुण

मंडळी, बुद्धिबळाचा डाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. भाताची लावणी उरकली, थोडी उसंत मिळाली, की देवळाच्या ओट्यावर पट मांडला जातो. दोघे खेळतात आणि दहा जण चाली सांगतात. डाव संपला की वाटेने जाणारा विचारतो, "काय, कोण जिंकलं?" बरोबरी झाली असे ऐकले की तो मान हलवून पुढे जातो. एवढा वेळ बसून काहीच झाले नाही, असे त्याला वाटते.

आज आपण बरोबरीत सुटलेल्या डावांचीच माहिती वाचू.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आबा येतात. मुरबाडच्या बाजूचे आहेत. त्यांचा नातू बुद्धिबळ चांगले खेळतो. एका रविवारी आबा त्याला घेऊन डोंबिवलीला स्पर्धेला गेले. पहाटेची एसटी धरून कल्याण गाठले. तिथून लोकल. ठाकुर्ली गेले की डोंबिवली. एका शाळेच्या सभागृहात स्पर्धा होती. ठाणे, कल्याण, डोंबिवली या भागात सुट्टीच्या दिवशी अशा स्पर्धा भरत असतात.

सोमवारी आबा वर्गात आले ते प्रश्न घेऊनच.

"गुरुजी, तिथं भिंतीवर याद्या लावल्या होत्या. मी आपलं बोट ठेवून वाचत गेलो. नातवाचं नाव सापडलं. पण नावापुढं आकडा होता, पंधराशे. त्याच्यासमोर जो बसला त्याच्या नावापुढं सतराशे. हे आकडे कसले?"

"आणि दुसरा प्रश्न?"

"डाव बरोबरीत सुटला. पोरगं मात्र कल्याणपर्यंत हसत होतं. बरोबरीत हसण्यासारखं काय असतं, ते सांगा."

आबांचे दोन्ही प्रश्न चांगले होते. आधी पहिला घेऊ.

नावापुढचा आकडा

कुस्तीच्या फडात पैलवानांची जोड लावताना वजन बघतात. बुद्धिबळात वजनाचा उपयोग नाही. मग कोण किती बळाचा, हे ठरवायचे कसे? आर्पाद एलो नावाचे एक प्राध्यापक होते. जन्म हंगेरीतला, नोकरी अमेरिकेत. ते पदार्थविज्ञान शिकवत आणि बुद्धिबळही उत्तम खेळत. खेळाडूचे बळ आकड्यात मांडायची रीत त्यांनी बसवली. १९७० साली जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती स्वीकारली. या आकड्याला गुणांकन म्हणतात. जिंकत गेलात की तो वाढतो, हरत गेलात की उतरतो.

तो किती वाढतो आणि किती उतरतो, यातच खरी गंमत आहे. हा हिशोब आपण रुपयाने समजून घेऊ.

एका डावाला एक गुण असतो. तो गुण म्हणजे एक रुपया समजा. जिंकणाऱ्याला पूर्ण रुपया. हरणाऱ्याला काही नाही. बरोबरी झाली तर दोघांना पन्नास-पन्नास पैसे. इथवर सोपे आहे.

आता आबांचा नातू १५०० चा आणि समोरचा १७०० चा. दोघांत २०० चे अंतर आहे. अशा दोघांनी पुष्कळ डाव खेळले, तर एलो यांच्या रीतीप्रमाणे सरासरीने दर रुपयातले ७६ पैसे मोठ्या आकड्याच्या खेळाडूला मिळावेत, २४ पैसे लहान आकड्याच्या खेळाडूला. म्हणजे नातू पटावर बसला तेव्हा त्याच्याकडून २४ पैशांचीच अपेक्षा होती. बरोबरी झाली आणि त्याच्या हातात ५० पैसे पडले. अपेक्षेपेक्षा २६ पैसे जास्त! समोरच्याची अपेक्षा ७६ ची. त्याला ५० च मिळाले. त्याला २६ पैशांचा तोटा झाला.

या जास्त-कमी पैशांना एका ठराविक आकड्याने गुणतात. अठरा वर्षांखालच्या मुलांना ४० ने गुणतात, कारण मुले लवकर शिकतात आणि त्यांचा आकडाही लवकर बदलायला हवा. मोठ्या माणसांना बहुधा २० ने गुणतात. नातवाचे २६ पैसे गुणिले ४० म्हणजे १० रुपये ४० पैसे. म्हणजे त्याचा आकडा दहाने वाढला. समोरचा मोठा माणूस होता. त्याचे २६ गुणिले २० म्हणजे ५ रुपये २० पैसे. त्याचा आकडा पाचाने उतरला.

आता पोरगं कल्याणपर्यंत का हसत होते, ते कळले ना? निकाल दोघांचा सारखा. पण एक जण वर चढला आणि एक जण खाली आला.

"पण गुरुजी," आबा म्हणाले, "पंधराशेवाल्याला सतराशेवाल्यासमोर बसवायचंच कशाला? सारख्याला सारखा द्यावा."

तसे मुद्दामच करतात. स्पर्धेला शंभर खेळाडू आले असे समजा. आकड्याप्रमाणे सर्वांची उतरती यादी करतात. वरचे पन्नास एका बाजूला, खालचे पन्नास दुसऱ्या बाजूला. पहिल्या फेरीत १ नंबरची गाठ ५१ नंबरशी, २ नंबरची ५२ नंबरशी. हरला म्हणून कोणी घरी जात नाही. पुढच्या फेरीत जिंकणाऱ्याला जिंकणारा भेटतो, हरणाऱ्याला हरणारा. चार-पाच फेऱ्यांत ज्याची त्याची जागा कळते. पण सुरुवातीला लहानाची मोठ्याशी गाठ पडायचीच.

बरोबरी कशी होते?

बरोबरी होण्याच्या वाटा अनेक आहेत.

दोघांचे एकमत झाले की डाव बरोबरीत सोडता येतो. एकाने आपली चाल करायची, "बरोबरी घेता का?" असे विचारायचे आणि मग आपले घड्याळ दाबायचे. समोरच्याला नको असेल तर तो सरळ पुढची चाल करतो. तेच त्याचे उत्तर. काही स्पर्धांत ठराविक चाली होईपर्यंत असे विचारायला बंदी असते.

या विचारण्यात एक मेख आहे. मी अशा स्पर्धा पुष्कळ पाहिल्या आहेत. लहान आकड्याचा मुलगा वरचढ असतो. दोन प्यादी जास्त असतात. तेवढ्यात मोठ्या आकड्याचा खेळाडू जरा हसून विचारतो, "बरोबरी?" मुलगा पटाकडे बघतच नाही. समोरच्याचा आकडा आठवतो आणि घाईने हात पुढे करतो. बाजारात व्यापाऱ्याने पहिला भाव सांगितला की गडबडून हो म्हणणारा शेतकरी आपण पाहतो ना, तसेच हे. माल चांगला होता, पण विकणाराच भ्याला.

दुसरी वाट म्हणजे राजाची कोंडी. राजाला शह नाही, पण ज्याची पाळी आहे त्याला एकही चाल करता येत नाही. पट मांडून पाहा. पटाच्या उभ्या ओळींना डावीकडून ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत. आडव्या ओळींना खालून १ ते ८ आकडे. गल्लीचे नाव आणि घराचा नंबर, असा हा पत्ता. आता काळा राजा एकटाच एच ८ या कोपऱ्यात ठेवा. पांढरा वजीर जी ६ वर आणि पांढरा राजा एफ ५ वर ठेवा. पाळी काळ्याची. राजाला शह नाही. पण शेजारची तिन्ही घरे वजिराने रोखली आहेत. झाली बरोबरी! वजीर हाताशी असून पांढऱ्याला अर्धाच गुण मिळतो. जिंकत आलेला माणूस घाई करतो तेव्हा हे हमखास घडते.

दोन्ही बाजूंना नुसते राजेच उरले तरी बरोबरी. दोघांनी पन्नास-पन्नास चाली केल्या, पण त्यात एकही प्यादे हलले नाही की एकही मोहरे मारले गेले नाही, तर बरोबरी मागता येते.

आणि तीच ती मांडणी तीन वेळा आली तरी बरोबरी मागता येते. आबांच्या नातवाचा डाव असाच सुटला होता. म्हणून हा नियम नीट पाहू.

नातू पांढरी मोहरी खेळत होता. त्याचे दोन हत्ती गेले होते. समोरच्याचे दोन्ही हत्ती आणि वजीर नातवाच्या राजाभोवती येऊन बसले होते. एक चाल मोकळी मिळाली की मात, अशी वेळ. पण नातवाचा वजीर अजून होता. काळा राजा जी ८ वर होता आणि त्याच्या पुढे जी ७ वर त्याचेच प्यादे. नातवाने वजीर ई ८ वर नेला. शह! राजाला एच ७ हे एकच घर मोकळे. तो तिथे गेला. वजीर एच ५ वर. पुन्हा शह! राजाला परत जी ८ वरच यावे लागले. वजीर पुन्हा ई ८ वर. शहावर शह. समोरच्याचे एवढे सैन्य, पण त्याला दुसरे काही करायला सवडच मिळेना. घरी करून पाहा. राजा कुठेच सुटत नाही.

नागपूरची दिव्या

ही झाली डोंबिवलीची गोष्ट. आता जगातल्या मोठ्या स्पर्धेकडे वळू. तिथेही लहान आकडा आणि मोठा आकडा यांची अशीच गाठ पडली आणि त्यात एक मुलगी आपल्या महाराष्ट्राची होती.

दिव्या देशमुख ही नागपूरची. जन्म डिसेंबर २००५ चा. २०२५ च्या जुलै महिन्यात महिलांची विश्वचषक स्पर्धा जॉर्जिया देशात बटुमी या गावी झाली. काळ्या समुद्राच्या काठचे हे गाव. ही बाद पद्धतीची स्पर्धा. दोघींत जी हरेल ती घरी. दिव्याने चीनच्या झू जिनर आणि तान झोंगयी यांना हरवले. आपल्याच देशाच्या द्रोणवल्ली हरिकालाही हरवले. ती अंतिम सामन्यात पोचली.

समोर कोण? आंध्र प्रदेशची कोनेरू हम्पी. वय ३८. दिव्याचे वय १९. हम्पी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वांत मोठा किताब. झटपट बुद्धिबळाचे जगज्जेतेपद हम्पीने दोनदा मिळवले होते, २०१९ आणि २०२४ मध्ये. त्या वेळी हम्पीचा आकडा २५४३ होता आणि दिव्याचा २४६३. अंतर ८० चे. आपल्या रुपयाच्या हिशोबाने हम्पीचे ६१ पैसे, दिव्याचे ३९.

२६ जुलैला पहिला डाव झाला. दिव्याकडे पांढरी मोहरी होती. सुरुवातीला तिची बाजू वरचढ झाली. जिंकायची संधी आली होती, पण ती निसटली. हम्पी अनुभवी. तिने हळूहळू डाव सावरला. शेवटी तीच ती मांडणी पुन्हा पुन्हा येऊन डाव बरोबरीत सुटला.

आता सांगा, या बरोबरीत दिव्याला मिळाले की तिचे गेले? आकड्यांचा हिशोब म्हणतो, मिळाले. ३९ पैशांची अपेक्षा होती, ५० मिळाले. ११ पैसे जास्त. एवढ्या मोठ्या खेळाडूंना १० नेच गुणतात. म्हणजे आकडा एकाहून थोडासा वर. पण पट म्हणतो, गेले. पूर्ण रुपया समोर दिसत होता आणि हातात अर्धाच आला. माझे विचाराल तर मी पटाचे ऐकेन. आकडा डाव सुरू व्हायच्या आधीचा असतो. पटावर काय आहे ते त्याला ठाऊक नसते. दिव्या मात्र पट बघून खेळली. समोरचीच्या नावाला भिऊन तिने लवकर हात पुढे केला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसऱ्या दिवशी हम्पीकडे पांढरी मोहरी होती. तो डावही बरोबरीत सुटला. एक-एक असे दोघींचे गुण झाले. मग २८ जुलैला झटपट डाव घेतले. त्यातला पहिला पुन्हा बरोबरीत! म्हणजे लागोपाठ तीन बरोबऱ्या. शेवटच्या डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळात वेळ कमी उरला होता. हम्पीकडून चुका झाल्या आणि दिव्या जिंकली. अडीच विरुद्ध दीड.

त्या अडीच गुणांतला एकच गुण जिंकून आलेला होता. बाकीचा दीड गुण तीन बरोबऱ्यांचा. तीन अर्धे जोडून झालेला. त्यातला एक अर्धा जरी गेला असता, तरी शेवटच्या डावाने विश्वचषक मिळाला नसता.

ग्रँडमास्टर व्हायला एरवी २५०० चा आकडा गाठावा लागतो आणि मोठ्या स्पर्धांत ठरवून दिलेली कामगिरी तीनदा करून दाखवावी लागते. दिव्याची अशी कामगिरी त्याआधी एकदाही झालेली नव्हती. पण ही स्पर्धा जिंकणारीला तो किताब थेट मिळतो, असा नियम होता. त्या दिवशी ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. भारतीय महिलांत चौथी.

जाता जाता एक सांगतो. भारताची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९५५ साली आंध्रात एलुरू येथे झाली. तिचे विजेतेपदही दोघांत वाटले गेले होते. एक आपले रामचंद्र सप्रे आणि दुसरे डी. वेंकय्या.

चालींचा कागद

परत डोंबिवलीला येऊ. नातवाने शहावर शह दिले, हे आपण वाचले. पण बरोबरी आपोआप मिळाली नाही. ती मागावी लागली.

मोठ्या वेळेच्या डावात प्रत्येक खेळाडूने प्रत्येक चाल कागदावर लिहायची असते. आपलीही आणि समोरच्याचीही. असा नियमच आहे. झटपट डावात तेवढी सवड नसते, म्हणून तिथे लिहायची सक्ती नाही. लिहायची रीत सोपी आहे. मोहऱ्याचे पहिले अक्षर आणि घराचा पत्ता. बहुतेक जण इंग्रजी अक्षर लिहितात. पण मोहऱ्याचे आपल्या देशात चालणारे नाव वापरायलाही नियमाची परवानगी आहे. वजिराला व, हत्तीला ह, घोड्याला घो, असे लिहिलेले चालते.

मांडणी तिसऱ्यांदा येणार असे दिसले, की खेळाडूने ती चाल आधी पटावर करायची नाही. कागदावर लिहायची. घड्याळ थांबवायचे. पंचांना बोलवायचे आणि म्हणायचे, "या चालीने तीच मांडणी तिसऱ्यांदा येते आहे. मी बरोबरी मागतो." पंच कागद बघून चाली पुन्हा लावून पाहतात. खरे निघाले तर डाव तिथेच संपला. खोटे निघाले तर समोरच्याला दोन मिनिटे जादा मिळतात आणि डाव पुढे चालू.

नातवाने असेच केले. समोरचा म्हणाला, "अजून दोनदाच झालं आहे." सभागृहात पन्नास पट लागलेले. पंच दोन-तीन. कोणत्या पटावर काय किती वेळा झाले, हे त्यांनी कुठून बघावे? एक म्हणतो दोनदा, दुसरा म्हणतो तीनदा. एकाचा आकडा मोठा, वय मोठे, आवाजही मोठा. तोंडी कारभार असता तर पोराचे कोणी ऐकले असते की नाही, कोण जाणे.

पंचांनी दोघांचे कागद मागितले.

आबांनी तो कागद जपून वर्गात आणला होता. चार घड्या घातलेला. अक्षरे इंग्रजी होती, म्हणून मी शेवटच्या ओळी फळ्यावर मराठीत लिहिल्या.

३१. व ई ८, शह. रा एच ७.
३२. व एच ५, शह. रा जी ८.
३३. व ई ८, शह. रा एच ७.
३४. व एच ५, शह. रा जी ८.
३५. व ई ८, शह.

"आबा, या. तुम्ही वाचा."

आबा फळ्यापाशी आले. एकेक ओळ बोटाने वाचली. एकतिसाव्या ओळीवर थांबले. तेहतिसाव्या ओळीवर थांबले. मग पस्तिसाव्या.

"तीनदा हेच लिहिलंय," ते म्हणाले.

"पंचांनीही एवढंच वाचलं."

कागदाच्या तळाशी दोन सह्या होत्या. एक नातवाची, एक समोरच्याची. सह्यांच्या वर निकालाचा चौकोन होता. त्यात वर १, खाली २ आणि मध्ये रेघ, असे दोनदा लिहिले होते.

"हे काय, गुरुजी?"

"एक भागिले दोन. अर्धा. दोघांना अर्धा-अर्धा."

आबांनी कागदाच्या पुन्हा चार घड्या केल्या आणि तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

"म्हणजे आठ आणे," ते म्हणाले.